वानर, मुनिया आणि कुंदाताई

कुंदाताईंच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, आणि मी दोनच बोलले. "छान होत्या." मग माइक बाजूला सरकवला आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं मला रडू कोसळलं. एका काकूंनी पाण्याचा ग्लास आणून दिला, दुसऱ्या बराच वेळ पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला रडू वगैरे काही आलेलं नव्हतं. माइक दिसला की माझं असंच होतं. पण तसा खुलासा करायचा म्हणजे पुन्हा बोलावं लागलं असतं. म्हणून मी पाणी प्यायले आणि जमेल तेवढा दुःखी चेहरा करून बसले.

कुंदाताई तिथे असत्या तर मागच्या रांगेतून म्हणाल्या असत्या, "छान काय गं? मी काय खिडकीचा पडदा आहे?"

म्हणून आता लिहिते आहे. लिहिताना समोर कुणी नसतं. माझी शाळा कॉन्व्हेंटची, घरात मराठी आणि फाटक ओलांडलं की हिंदी. त्यामुळे तीन भाषांमध्ये गप्प बसायचा मला चांगला सराव आहे. मराठी लिहायचा मात्र नाही. आई म्हणाली, चुका मी काढून देते. तिने काढल्या आहेत. ज्या उरल्या त्या दोघींच्या.

कुंदा साळुंखे हे नाव ग्वाल्हेरबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही, आणि ग्वाल्हेरमध्येही फारसं नव्हतं. पण इथल्या कुठल्याही जुन्या शाळेत शिकलेल्या माणसाने त्यांचं चित्र बघितलेलं आहे. जयेंद्रगंजमध्ये मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर सक्सेनाजींचं ऑफिस आहे. तिथे शाळांसाठी तक्ते तयार होतात. फळं, भाज्या, हृदयाचे कप्पे, पाळीव प्राणी, जंगली प्राणी. त्यांतले प्राणी-पक्षी कुंदाताईंचे. तक्त्याच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव छापायची पद्धत नव्हती. ताईंना त्याचं काही वाटत नसे. "वाघानं कुठं सही केलीये?" म्हणायच्या.

कॉलेज संपल्यावर मी तिथे मजकूर लिहायला लागले. इंग्रजीत आणि हिंदीत. हे काम मी निवडलं कारण जाहिरातीत लिहिलं होतं की लोकांशी संपर्क नाही. पहिल्या दिवशी मी नवीन कुर्ता घालून, फाइल छातीशी धरून जिना चढले, तर समोर फरशीवर साठीच्या घरातल्या एक धिप्पाड बाई उकिडव्या बसलेल्या. पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला खोचलेला, एक हात गुडघ्यावर, दुसरा लोंबकळत सोडलेला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मराठी का?"

मी मान हलवली.

"मग बस अशी. माझा गुडघा धरलाय. वानर बसतं तेव्हा हाताचं वजन कुठं जातं ते मला बघायचंय."

माझ्या नोकरीचा पहिला तास मी वानर होऊन बसण्यात घालवला. सक्सेनाजी केबिनमधून बाहेर आले, मला त्या अवस्थेत पाहिलं, "वेलकम, वेलकम" म्हणाले आणि ॲसिडिटीची गोळी शोधायला परत आत गेले. ताई भराभर रेघा मारत होत्या. शेवटी वही बंद करून म्हणाल्या, "चांगली बसतेस. हलत नाहीस. पण तू वानर नाहीस, त्याला इतकी लाज नसते."

त्या जो प्राणी काढायच्या तो त्या आठवड्यात ऑफिसात वावरायचा. कासवाच्या आठवड्यात त्या जेवायलाच दुपार लावायच्या. घुबडाच्या आठवड्यात हाक मारली की खांदे न हलवता फक्त मान वळवायच्या आणि डोळे मिचकावायच्या नाहीत. कुरियरवाला त्या आठवड्यात पाकीट जिन्यातच ठेवून गेला. मगरीच्या आठवड्यात सक्सेनाजींनी सुट्टी घेतली होती. तो योगायोग असेल.

नियम एकच होता. आधी बघायचं, मग काढायचं. मी इंटरनेटवरून काही माहिती लिहून नेली की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हे डोळ्यानं बघितलंस का गूगलनं?" शाळांमध्ये तक्ते लावायला गेल्या की मुलांना सांगायच्या, "इसको देखकर पास मत हो जाना। जाओ, बाहर जाकर असली देखो।" तक्ते विकणाऱ्या ऑफिसच्या दृष्टीने हे काही बरं नव्हतं. पण शिक्षक हसायचे आणि पुढच्या वर्षी परत मागणी द्यायचे.

स्वतःच्या घराण्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या की पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले होते, घोड्यांची निगा राखायला. "फौज गेली, घोडे गेले. आम्हाला कुणी परत चला म्हणालंच नाही. म्हणून आहोत." लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची हिंमत मला झाली नाही. पण तसं मला कुणाला 'किती वाजले' हे विचारायचीही होत नाही, त्यामुळे त्यात ताईंचा दरारा किती आणि माझा स्वभाव किती, ते सांगता येणार नाही.

मग ते पोस्टर आलं. एका संस्थेला जिल्ह्यातल्या शाळांसाठी एकच मोठं पोस्टर हवं होतं आणि त्यावर दोन जीव: एक वानर आणि एक हिरवी मुनिया, चिमणीहून लहान पक्षी. दोघांची तुलना. शीर्षक त्यांनीच दिलं होतं, 'हमारे ज़िले के दो वन्य जीव'. एक सगळ्यांना माहीत असलेला, एक कुणालाच माहीत नसलेला, आणि तोही आता कमी कमी होत चाललेला. मधे दोन रकाने: वजन, आवाज, अन्न, घर, धोका. आणि खाली जिल्ह्याचा नकाशा, त्यावर दोन लाल ठिपके. कुठे बघायला मिळतील ते दाखवायला.

मला हा आराखडा फार आवडला. रकाने असले की मला सुरक्षित वाटतं. मी एका दुपारी दोन्ही बाजू भरून ताईंसमोर ठेवल्या.

त्यांनी वाचलं आणि कागद लांब धरला. "हे काय, स्थळं मांडलीयत का? उंची, वजन, वर्ण."

तेव्हा घरी माझ्यासाठी खरोखरच स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आईने माझा बायोडाटा केला होता, त्यात 'स्वभाव: शांत' असं ठळक अक्षरात होतं. ही गोष्ट मी ताईंना सांगितली नव्हती. आईने सांगितली होती, भाजी घेताना भेटून.

"वानराचं स्थळ बघ," ताई सुरू झाल्या. "मोठं कुटुंब. आवाज खणखणीत. झाडावर बसून बिबट्या दिसला की असा भुंकतो की खालची हरणं वाचतात, म्हणजे समाजात मान. खाताना अर्धा पाला खाली टाकतो तो हरणं खातात, म्हणजे दानशूर. शिवाय देवाकडचं नातं. मंगळवारी लोक गाडी थांबवून केळी देतात. आता मुलगी बघ. चमचाभर साबुदाण्याएवढं वजन. रंग हिरवा, चोच लाल, कुशीवर पट्टे, जशी काही पैठणीच. आवाज बारीक. खाणं गवताचं बी, म्हणजे खर्च नाही. स्वभाव शांत." इथे त्या माझ्याकडे बघून थांबल्या. "आणि म्हणूनच पिंजरा घेऊन लोक मागे लागलेले. वानराला कोण पिंजऱ्यात घालतंय? तो चावतो."

मी मान खाली घालून 'धोका' या रकान्यात 'अवैध पकड' असं लिहिलं.

"वानराच्या पाठीशी देव आहे," ताई म्हणाल्या. "मुनियेच्या पाठीशी कोण? मी आणि तू." मग माझ्याकडे नीट बघून, "म्हणजे मी."

वानर तर त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यावरून काढलं होतं. मुनियेला मात्र त्या हात लावेनात. कारण हिरवी मुनिया त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितली नव्हती. पूर्वी कुठे कुठे असायच्या ते त्या सांगत, आणि प्रत्येक जागेच्या शेवटी "आता तिथं कॉलनी आहे" असं म्हणत. त्यांतली एक कॉलनी आमचीच निघाली, सिटी सेंटरच्या पलीकडची. मी उगाचच सॉरी म्हणाले.

एक दिवस आम्ही दोघी दाल बाज़ारात गेलो. ताईंना उडीद डाळ घ्यायची होती आणि मी पिशवी धरायला. एका दुकानात पोत्यांच्या वर एक पिंजरा टांगलेला होता, आणि त्यात दाटीवाटीने बसलेल्या छोट्या हिरव्या चिमण्या. मी ताईंचा पदर ओढून खुणेने दाखवलं. माझ्या आयुष्यातला हा पहिला निसर्गशोध होता आणि मला तो ओरडून सांगावासा वाटला, म्हणजे मी पदर जरा जोरात ओढला.

ताईंनी डाळ तोलून घेतली. पिशवीत भरली. मग आपल्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं, पिंजऱ्याच्या तारांतून आत घातलं आणि एका पक्ष्याच्या शेपटीवरून अलगद फिरवलं. बोट बाहेर काढलं तर हिरवं.

"भैया, ये तो घर की होली है," त्या म्हणाल्या.

दुकानदार उठून आला. त्याने स्वतः बोट ओलं करून बघितलं. साध्या तपकिरी मुनिया होत्या, रंगवलेल्या. त्याचा चेहरा पडला. "असली बोलकर दे गया वो। मेरी बिटिया को इतनी पसंद आई थी।"

"बुरा मत मानो। नकली हैं, इसलिए खड़ी हूँ। असली होतीं तो मैं यहीं बैठकर रोती।"

"असली मिलती नहीं, आंटी। वो कह रहा था, मिल ही नहीं रहीं। गाँव-गाँव पूछता फिरता है, कहीं एक झुंड का पता चल जाए, फिर तो पूरे जाल के साथ जाएगा।"

ताईंचं हसू गेलं. त्यांनी विचारलं, हे पक्षी ठेवून तरी काय करणार. ठेवणं कायद्यातही बसत नाही. कायद्याचं त्याला फारसं वाटलं नसावं, फसवणुकीचं जास्त वाटलं. त्याने पिंजरा हुकावरून काढला आणि तसाच ताईंच्या हातात दिला. परतीच्या ई-रिक्षात पिंजरा माझ्या मांडीवर होता. रस्ताभर लोक भाव विचारत होते. मी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं मी घासाघीस करतेय. जयेंद्रगंजपर्यंत माझी किंमत बरीच वर गेली होती.

पुढे काही दिवस ऑफिसात वाटीभर पाण्यात त्या पक्ष्यांच्या आंघोळी चालल्या. पाणी हिरवं व्हायचं, पक्षी हळूहळू तपकिरी. सक्सेनाजी म्हणाले, "दीदी, ये ऑफिस है।" ताई म्हणाल्या, "इनको भी तो बताइए।" मग एका रविवारी सकाळी आम्ही दोघी त्यांना सोडायला शहराबाहेर गेलो, ताईंच्या ओळखीच्या एका रिक्षातून. कुठे गेलो ते मी इथे लिहिणार नाही. उंच गवत होतं, मधून ओढ्याची वाट होती, कडेला बाभळी आणि थोड्या अंतरावर एक देऊळ. एवढं पुरे. असं आमच्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी असतं.

पिंजऱ्याचं दार उघडलं तर एकही पक्षी बाहेर येईना. सगळे दाराकडे तोंड करून बसून राहिले. मला ते अगदी समजलं. ताई म्हणाल्या, "आपण तिकडं तोंड करून बसू. कुणी बघत असलं की नको वाटतं." आम्ही पाठ फिरवून बसलो. थोड्या वेळाने मागे फडफड झाली, आणि वळून बघितलं तर पिंजरा रिकामा.

मग ताईंनी मला हलू नकोस म्हणून खूण केली आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. समोरच्या गवतात काहीतरी होतं. मी बराच वेळ बघितलं. मला गवत दिसलं. "दिसली?" त्या कुजबुजल्या. मी हो म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं. "चोच कशी आहे?" मी म्हटलं, छान आहे. ताईंनी माझ्या हातातली दुर्बीण घेतली, तिची पुढची झाकणं काढली आणि परत दिली.

आणि मग दिसल्या. गवताच्या एकेका काडीला लटकून, काडी वाकवून, बी खाणाऱ्या हिरव्या मुनिया. लाल चोच, पोटाशी पिवळं, कुशीवर पांढरे-काळे पट्टे. ऊन त्यांच्यावर पडत होतं आणि काडी हलली की त्या गवत होऊन जात होत्या. बाजूच्या वेलींच्या जाळीत गवताचा विणलेला चेंडू होता, घरटं. मी शेजारी बघितलं. ताई चित्र काढत नव्हत्या. वही मांडीवर उघडी होती आणि त्या नुसत्या बसल्या होत्या, तोंड किंचित उघडं ठेवून, एखाद्या लहान मुलीसारख्या.

दरम्यान देवळाकडच्या वानरांनी आमचा डबा नेला. दडपे पोहे होते. एका मोठ्या वानराने झाकण उघडून बघितलं, वास घेतला आणि लिंबाची फोड बाजूला काढून ठेवली. ताईंनी ढुंकूनही बघितलं नाही. एरवी डब्याला कुणी हात लावला तर त्यांची मगर व्हायची.

चित्र त्यांनी ऑफिसात येऊन काढलं. काही दिवस लागले आणि त्या आठवड्यात त्या इतक्या हळू बोलत की सक्सेनाजींना वाटलं तब्येत बरी नाही. मी बघितलेलं त्यांचं सगळ्यात चांगलं चित्र ते. पक्षी पानाच्या मधोमध नव्हता. काडीच्या टोकाला, जरा उडायच्या बेतात, आणि काडीचा बाक असा की त्या एवढ्याशा वजनाचा भार दिसावा. शेजारच्या रकान्यात वानर पसरून बसलं होतं, माझ्या खांद्यांचं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. पण पोस्टरकडे बघणाऱ्याला आधी वानर दिसायचं आणि मग, अरे, हे इकडे आहे की, असं व्हायचं. ताई म्हणाल्या, "हीच तुलना. बाकी तुझे रकाने."

नकाशावर त्यांनी एकच ठिपका दिला. वानराचा.

संस्थेकडून भदौरिया नावाचे तरुण गृहस्थ आले. अतिशय सज्जन. पोस्टर टेबलावर पसरलेलं होतं. त्यांनी चित्राकडे बघून खरोखर हात जोडले. मग म्हणाले, "बस, मुनिया वाला बिंदु रह गया।"

"रहा नहीं, रखा नहीं," ताई म्हणाल्या.

त्यांनी समजावून सांगितलं. जाळं घेऊन हिंडणारा माणूस, गावोगाव चौकशी. हे पोस्टर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लागणार. एक ठिपका, आणि झुंड संपली.

भदौरियांनी नीट ऐकून घेतलं. पण त्यांचीही बाजू होती. मुलांनी जाऊन बघावं, गावाला अभिमान वाटावा, गावच मग राखण करेल, म्हणून तर पोस्टर. "आप ही तो स्कूलों में कहती हैं दीदी, जाकर असली देखो।"

ताई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग मराठीत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "आयुष्यभर सांगितलं, जा, बघा. आणि आता मीच दार लावून उभी आहे."

सक्सेनाजींना काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी गोळी चघळत इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "रेवा मैडम भी तो गई थीं। रेवा, आप ही बता दो। गाँव का नाम, पुल, मोड़, कुछ भी।"

सगळे माझ्याकडे वळले. ताईंनी मात्र बघितलं नाही. त्या मुनियेकडे बघत होत्या आणि त्यांचा हात त्या चित्रावर पालथा पडला होता, जणू कुणी ते ओढून नेईल.

इथे मी ठरवून गप्प बसले असं लिहायचा मोह होतो आहे. शोकसभेत एका काकांनी तसं सांगितलंही, की या मुलीने त्या दिवशी ठाम भूमिका घेतली. मी कुठलीही भूमिका घेतली नाही. गावाचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण चार डोळे माझ्याकडे लागले की माझं माइक दिसल्यासारखं होतं, तसं झालं. भदौरिया धीर देत म्हणाले, "आराम से, मैडम। क्या था वहाँ?"

"घास थी," मी म्हणाले.

"किस तरफ़?"

"दोनों तरफ़।"

त्यांनी सक्सेनाजींकडे बघितलं. सक्सेनाजींनी माझ्याकडे बघितलं, अशा माणसाच्या नजरेने ज्याने ही मुलगी स्वतः निवडली आहे. कुणीतरी चहा मागवला. भदौरिया शेवटी म्हणाले की एका जिवाला ठिपका आणि दुसऱ्याला नाही असं पोस्टर त्यांना देता येणार नाही. ठिपका नसेल तर दुसरा एखादा पक्षी घ्यावा लागेल.

मला वाटलं ताई आता चिडतील. त्या उठल्या, पोस्टरवर चिकटवलेल्या मुनियेच्या चित्राची कडा नखाने सोडवली आणि सावकाश, न फाडता, ते उचलून घेतलं. पोस्टरवर वानराशेजारी एक रिकामी चौकट राहिली.

"मोर घाला," त्या म्हणाल्या. मग हिंदीत, "मोर सबको मिल जाता है।"

"आप बना देंगी न, दीदी?"

"मोर नहीं बनाऊँगी। उसको मेरी ज़रूरत नहीं है।"

जिन्यात त्यांनी मला गाठलं. मी माफी मागायच्या तयारीत होते, मूर्खासारखं बोलल्याबद्दल. त्यांनी चित्र काखेत धरलं होतं. म्हणाल्या, "तुझ्यासारखं माणूस शोधून सापडायचं नाही."

"ताई, मी काहीच केलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

पोस्टर छापलं गेलं. वानर ताईंचं, मोर इंटरनेटवरचा. मोराचा पिसारा इतका मोठा होता की वानर अंग चोरून बसल्यासारखं दिसत होतं, आणि खांदे माझे असल्यामुळे ते फारच खरं वाटत होतं. मोराच्या बाजूचे रकाने मी भरले. ताई महिन्याअखेरीस ब्रश, बूट आणि वाटी घेऊन गेल्या. सक्सेनाजींनी त्यांना राहा म्हणून खूप सांगितलं, खरोखरच मनापासून. त्या म्हणाल्या, चाळीसेक वर्षं जे बघितलं ते दाखवलं, आता जे दाखवायचं नाही तेच बघावंसं वाटतंय. मी राहिले. माझं काम चांगलं होतं, आणि राजीनामा द्यायचा म्हणजे केबिनमध्ये जाऊन बोलावं लागलं असतं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. आई, बाबा आणि मी गाडीने एक स्थळ बघायला निघालो होतो; आमचा रस्ता त्याच गवताजवळून जात होता. म्हशींचा कळप आडवा आला म्हणून बाबांनी गाडी थांबवली. कडेच्या मोरीच्या कठड्यावर ताई बसल्या होत्या. गवताकडे पाठ, रस्त्याकडे तोंड, मांडीवर पिशवी, डोक्यावर छत्री. एक मोटरसायकलवाला त्यांच्यापाशी थांबला होता. गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. चेहऱ्याने चांगला मुलगा वाटत होता. मी काच थोडी खाली केली.

"आंटी, सुना है इधर हरी मुनिया दिखती है?"

"मुनिया?" ताईंनी आठवून बघितल्यासारखं केलं. "मुनिया तो पता नहीं बेटा। लंगूर बहुत हैं। वो मंदिर के पीछे। इतने बड़े-बड़े। एक तो बिल्कुल बूढ़ा है, भौंहें देखना उसकी। फ़ोटो बहुत बढ़िया आएगी। कुछ खिलाना मत, और खाने का डिब्बा हो तो मुझे दे जाओ, उनसे नहीं बचेगा।"

वानरांबद्दल त्या इतक्या मनापासून सांगत होत्या की त्याने खरोखरच आपला डबा त्यांच्याकडे दिला आणि तो देवळाकडे वळला. त्यांच्या मागे, गवतात, बारीक आवाज चालू होता. ऐकणाऱ्यालाच ऐकू येईल असा.

"ती कुंदा ना गं?" आई म्हणाली. "इथं कुठं उन्हात बसलीये?"

"बसची वाट बघतायत," मी म्हणाले.

"या रस्त्यावर बस आहे?" बाबांनी उघड्या काचेतून बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. म्हशी सरकल्या आणि गाडी निघाली.

मागच्या काचेतून बघितलं तर त्या आमच्या गाडीकडे बघत होत्या. ओळखलं असावं, पण हात केला नाही. छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, उठून रस्त्याच्या टोकापर्यंत मान लांब करून बघितलं, घड्याळ नसलेलं मनगट वर करून किती वाजले ते पाहिलं, आणि अजून येत नाही म्हणून वैतागलेल्या बाईसारख्या परत कठड्यावर बसल्या.